समलिंगी जोडप्यांची कागदपत्रे करून देणारे ठाण्यातील एक वकिली कार्यालय: परीक्षण

दोन स्त्रियांच्या किंवा दोन पुरुषांच्या सहजीवनाची कायदेशीर नोंदणी आज भारतात होत नाही. ही गोष्ट पहिल्याच भेटीत, पैशांचा विषय निघण्याआधी, स्पष्ट शब्दांत सांगणे ही या कामातील वकिलाची पहिली कसोटी आहे असे मी मानते. ठाण्यात कोर्ट नाक्याजवळच्या ज्या लहानशा कार्यालयाकडून माझ्या सहचरीने आणि मी गेल्या वर्षी आमची कागदपत्रे करून घेतली, ते या कसोटीला पूर्णपणे उतरले. वकिलांनी स्वतःची जाहिरात करू नये असा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम आहे आणि कार्यालय चालवणाऱ्या वकीलबाईंना त्याबाबत कोणतीही शंका उपस्थित व्हायला नको आहे, म्हणून त्यांच्या विनंतीवरून मी कार्यालयाचे नाव येथे देत नाही. मात्र तिथे जे काम झाले आणि ज्या पद्धतीने झाले, ते सविस्तर सांगितल्यास कोणत्याही वकिलाकडे जाणाऱ्या जोडप्याला काय मागावे आणि काय नाकारावे हे ठरवता येईल.

नाकारण्याजोगे काय आहे ते आधी सांगते, कारण त्यात लोकांचे पैसे जातात आणि पैशांपेक्षाही अधिक म्हणजे खोटा दिलासा पदरी पडतो. या कार्यालयात येण्यापूर्वी आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी चौकशी केली होती. तिथे पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर ‘सहजीवन करार’ टाइप करून, त्यावर नोटरीचा शिक्का घेऊन, ‘तुमची भागीदारी नोंदणीकृत झाली’ असे सांगण्याची तयारी होती. नोटरी फक्त सही कोणाची आहे आणि ती आपल्यासमोर झाली आहे याची साक्ष देतो. त्याच्या शिक्क्याने दोन व्यक्तींमध्ये पती-पत्नीसारखे नाते निर्माण होत नाही, वारसाहक्क मिळत नाही आणि रुग्णालय, बँक किंवा गृहनिर्माण संस्था त्या कागदाने बांधली जात नाही. घरखर्चाची वाटणी, एकत्र घेतलेल्या वस्तूंची मालकी, वेगळे होण्याची वेळ आल्यास हिशोब कसा करायचा, एवढ्या मर्यादित बाबींसाठी असा करार उपयोगी पडतो. वकीलबाईंनी तोही करून दिला, पण त्याच्या मथळ्यात आणि मजकुरात नोंदणी किंवा विवाह हे शब्द येणार नाहीत याची काळजी घेतली.

कायद्याची आजची स्थिती त्यांनी अशी मांडली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नवतेज सिंग जोहर प्रकरणात प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. त्यामुळे एकत्र राहणे हा अपराध राहिला नाही, पण त्यातून कोणताही कौटुंबिक हक्क आपोआप उत्पन्न झाला नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सुप्रियो प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने विवाहाचा मूलभूत हक्क नाही आणि १९५४ चा विशेष विवाह कायदा समलिंगी जोडप्यांसाठी वाढवून वाचता येणार नाही, असा एकमताने निर्णय दिला. विवाहाखेरीज अन्य स्वरूपाच्या सहजीवनाला मान्यता मिळावी का, या प्रश्नावर मात्र पीठ तीन विरुद्ध दोन असे विभागले गेले आणि सरन्यायाधीश चंद्रचूड व न्यायमूर्ती कौल यांचे अनुकूल मत अल्पमतात राहिले. पुनर्विलोकनाच्या याचिका ९ जानेवारी २०२५ रोजी फेटाळल्या गेल्या. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या भिन्नलिंगी विवाहाला प्रचलित कायद्यांखाली जागा आहे, हेही याच निकालात स्पष्ट झाले असून आमच्यानंतर भेटीसाठी आलेल्या एका जोडप्याला त्या मार्गाची माहिती दिली जात होती. म्हणजे सर्वांना एकच उत्तर देऊन वाटेला लावण्याची पद्धत तिथे नाही.

हे सगळे ऐकल्यावर निराश होऊन उठून जावेसे वाटणे स्वाभाविक आहे. वकीलबाईंचे खरे कौशल्य मला त्यापुढच्या तासाभरात दिसले. विवाहाचा दाखला जे काम एका कागदाने करतो ते आपल्याला अनेक कागदांनी करायचे आहे, त्यामुळे प्रथम संकटाचे प्रसंग कोणते येऊ शकतात ते सांगा, असे त्या म्हणाल्या आणि प्रत्येक प्रसंगापुढे आज काय घडेल आणि कागद केल्यावर काय घडेल अशी नोंद त्यांनी आमच्यासमोर हाताने लिहून काढली.

त्यातील वारसाहक्काचा भाग माझ्या मनावर सर्वाधिक ठसला. माझी सहचरी विधवा आहे, तिला अपत्य नाही, आणि घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सदनिकेतील तिचा हिस्सा तिने स्वतःच्या पगारातून घेतलेला आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १५ नुसार अशा स्त्रीने इच्छापत्र केले नसेल तर तिची स्वकष्टार्जित मालमत्ता पती व अपत्ये यांच्या अभावी पतीच्या वारसांकडे जाते आणि तिच्या स्वतःच्या आईवडिलांचा क्रमांक त्यांच्याही नंतर लागतो. म्हणजे पंधरा वर्षे जिच्याबरोबर संसार केला ती मी तर सोडाच, पण तिची वृद्ध आईदेखील बाजूला राहून, जिचा चेहराही सासरच्या लोकांना आता आठवणार नाही अशा स्त्रीच्या घरावर दिवंगत पतीच्या पुतण्यांचा हक्क उभा राहिला असता. मी अविवाहित असल्यामुळे माझा हिस्सा माझ्या आईवडिलांकडे गेला असता. दोन्ही बाबतींत सहचरीचे स्थान कुठेच नाही, आणि हा अन्याय किती मोठा आहे हे कलमांचे क्रमांक वाचताना जितके जाणवते त्याहून अधिक आपल्या घराची चावी हातात घेऊन पाहताना जाणवते.

त्यावरचा उपाय इच्छापत्र. स्वतःच्या मालकीची मालमत्ता हिंदू व्यक्ती इच्छापत्राने कोणालाही देऊ शकते आणि त्यासाठी नात्याची अट नाही. हा कागद करताना कार्यालयाने जी बारकाई दाखवली, तिचे मी मनापासून कौतुक करते. इच्छापत्राला मुद्रांक लागत नाही आणि नोंदणीही ऐच्छिक आहे; तरीही पुढे नातेवाईकांनी आव्हान देण्याची शक्यता असेल तेव्हा दुय्यम निबंधकांकडे नोंदणी करून ठेवावी, असा त्यांचा आग्रह होता. साक्षीदार किमान दोन हवेत, त्यांना इच्छापत्रातून काही लाभ होणार नसावा, ते वयाने आपल्यापेक्षा लहान असतील तर उत्तम, आणि त्यांपैकी एक आपल्याला बराच काळ ओळखणारा डॉक्टर असेल तर मनःस्थितीविषयीचा वाद बराचसा आधीच मिटतो, असे त्यांनी समजावले. नातेवाईकांना का वगळले याचे कारण कडवट शब्दांत लिहू नका, फक्त आपण विचारपूर्वक आणि कोणाच्याही दबावाविना हा निर्णय घेत आहोत असे लिहा, ही त्यांची सूचना मला विशेष महत्त्वाची वाटली. सहचरीचे वर्णन ‘मैत्रीण’ असे मोघम करायचे की नाते स्पष्ट लिहायचे, हा निर्णय त्यांनी आमच्यावर सोपवला, आणि आम्ही स्पष्ट लिहिले. मुस्लिम व्यक्तीला मात्र वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा अधिक मालमत्ता इच्छापत्राने देता येत नाही, त्यामुळे अशा जोडप्यांसाठी वेगळी आखणी करावी लागते, हेही तिथे आवर्जून विचारले जाते. इंटरनेटवर मिळणारा तयार नमुना असे काही विचारत नाही.

आजारपणाच्या प्रसंगाबाबत कार्यालयाचे काम चांगले आहे, परंतु कायदाच अपुरा असल्याने समाधान अर्धेच मिळते. अनेकांना असे वाटते की कुलमुखत्यारपत्र दिले म्हणजे सहचरीला सर्व अधिकार मिळाले. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती मरण पावली किंवा तिचे मानसिक संतुलन गेले की मुखत्यारी संपते. म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी तो कागद निरुपयोगी ठरतो. बँकेचे, विजेचे, मालमत्ता कराचे व्यवहार परस्परांसाठी करता यावेत एवढ्यापुरते आम्ही ते केले. त्यापुढचा कागद म्हणजे आगाऊ वैद्यकीय निर्देश. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात त्याला मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची प्रक्रिया सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून तो साक्षांकित करता येतो, आणि आपण निर्णय घेण्याच्या स्थितीत नसताना उपचार नाकारण्याविषयी किंवा थांबवण्याविषयी कोणी बोलावे त्या व्यक्तींची नावे त्यात देता येतात. मात्र हा निर्देश बरे होण्याची आशा नसलेल्या अवस्थेसाठी आहे; अपघातानंतर तातडीच्या शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही करण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. त्यासाठी वकीलबाईंनी आम्हा दोघींच्या सहीचे वेगळे अधिकारपत्र करून दिले आणि रुग्णालयाने ते मानावे अशी अपेक्षा आहे, सक्ती नाही, हेही त्याच वेळी सांगितले.

याउलट मानसिक आरोग्याच्या बाबतीत कायदा आश्चर्य वाटावे इतका उदार आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १४ नुसार कोणतीही प्रौढ व्यक्ती साध्या कागदावर लिहून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकते, आणि तो नातेवाईक असण्याची अट नाही. इतर आजारांसाठीही असा एका पानाचा कागद पुरेसा झाला असता तर किती घरांची धास्ती कमी झाली असती, असे मला तो कागद लिहिताना सारखे वाटत होते.

बँकेचे काम सोपे असायला हवे होते. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २८ ऑगस्ट २०२४ रोजी स्पष्ट केले आहे की समलिंगी नात्यातील व्यक्तींना संयुक्त खाते उघडण्यास आणि परस्परांना नॉमिनी नेमण्यास कोणतेही बंधन नाही, आणि रिझर्व्ह बँकेनेही त्याच महिन्यात बँकांना तसे कळवले आहे. तरीही आमच्या भागातील एका शाखेत आमच्या अर्जावरील नात्याचा रकाना पाहून अर्ज बाजूला ठेवला गेला. वकीलबाईंनी त्या पत्रकाची प्रत आणि दोन परिच्छेदांचे सौम्य पण ठाम पत्र दिले, आणि त्यानंतर शाखेने काही विचारले नाही. या एका पत्राचे वेगळे पैसे त्यांनी घेतले नाहीत. नॉमिनी हा मालक नसून पैसे स्वीकारून खऱ्या वारसाला देण्याची जबाबदारी असलेला माणूस असतो, हा न्यायालयांनी अनेकदा सांगितलेला मुद्दा त्यांनी इथेच ठसवला: इच्छापत्र नसेल तर नॉमिनी म्हणून हाती आलेली रक्कम सहचरीला वारसांकडे सोपवावी लागू शकते. आयुर्विम्यात आईवडील, पती-पत्नी आणि अपत्ये यांनाच लाभाधिकारी नॉमिनी, म्हणजे मिळालेली रक्कम स्वतःची म्हणून ठेवू शकणारा नॉमिनी, मानले जाते, आणि भविष्य निर्वाह निधीत सभासदाला योजनेच्या व्याख्येतील कुटुंब असेल तर नॉमिनी त्या कुटुंबातीलच असावा लागतो. माझी आई माझ्यावर अवलंबून असल्याने माझ्या निधीत सहचरीचे नाव घालणे व्यर्थ ठरेल हे त्यांनी माझ्या मनुष्यबळ विभागाच्याही आधी सांगितले.

ठाण्यासारख्या, गृहसंकुलांनी भरलेल्या शहरात सर्वांत जास्त उपयोगी पडला तो गृहनिर्माण संस्थेविषयीचा सल्ला. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात २०१९ मध्ये जे प्रकरण नव्याने आले, त्यात सहयोगी सभासद कोण होऊ शकतो याची नात्यांची यादीच दिलेली आहे. पती, पत्नी, आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, जावई, सून, पुतण्या, भाची अशा नात्यांत आपल्यासारख्यांना जागा नाही. परंतु सदनिकेत ज्या व्यक्तीचा हिस्सा आहे तिला संयुक्त सभासद होता येते आणि त्यासाठी नाते विचारले जात नाही. आमच्या सदनिकेच्या नोंदणीकृत करारनाम्यात दोघींची नावे होती, म्हणून भाग प्रमाणपत्रावर दुसरे नाव चढवण्याचा अर्ज त्यांनी याच तरतुदीखाली केला. संस्थेचे सचिव वयोवृद्ध, नियमाला धरून चालणारे गृहस्थ आहेत. कायद्याचे कलम लिहिलेला अर्ज पाहून त्यांनी तो समितीच्या पुढील बैठकीत मंजूर करून घेतला आणि आमच्या घरगुती आयुष्याविषयी एक शब्दही विचारला नाही. भाड्याने राहणाऱ्यांसाठी त्यांचा सल्ला थोडक्यात असा की लिव्ह अँड लायसन्सच्या नोंदणीकृत करारात दोघांचीही नावे घाला, म्हणजे एकाला काही झाले तर दुसऱ्याला त्याच दिवशी घराबाहेर काढता येणार नाही.

एकीचा हिस्सा दुसरीला आत्ताच बक्षीसपत्राने देऊन टाकावा अशी आमची मूळ कल्पना होती. वकीलबाईंनी तिला विरोध केला आणि त्यामागचा हिशोब मांडून दाखवला. राहते घर पती, पत्नी, मुले किंवा नातवंडे यांना बक्षीस दिल्यास महाराष्ट्रात दोनशे रुपयांच्या मुद्रांक शुल्कात काम होते. सहचरीला दिल्यास बाजारमूल्यावर खरेदीखताइतके शुल्क भरावे लागते. शिवाय नातेवाईक नसलेल्या व्यक्तीकडून वर्षभरात पन्नास हजार रुपयांहून अधिक मूल्याचे मिळालेले बक्षीस आयकराच्या दृष्टीने उत्पन्न समजले जाते, मात्र तेच इच्छापत्रातून मिळाल्यास त्यावर हा कर लागत नाही. या भेदभावाला मुंबईतील एका समलिंगी जोडप्याने २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले आहे. स्वतःच्या शुल्कात वाढ होईल असे काम हातात असूनही ते करू नका असे सांगणारा वकील विश्वासाला पात्र आहे, एवढे मी निश्चित म्हणेन.

विदेशातील नोंदणीविषयीही तिथे विचारणा होते. खारघरच्या आमच्या एका स्नेह्याचा जोडीदार ब्रिटनमध्ये स्थायिक आहे आणि ते तिथे नोंदणी करण्याच्या विचारात होते, म्हणून आम्ही त्यांना याच कार्यालयात पाठवले. ब्रिटनचा नागरी भागीदारी कायदा २००४ चा असून तो डिसेंबर २००५ पासून लागू आहे. तिथे दोघांनी निबंधक कार्यालयात पूर्वसूचना द्यायची, किमान अठ्ठावीस दिवस थांबायचे आणि मग निबंधकांसमोर दोन साक्षीदारांच्या उपस्थितीत नोंदपत्रावर सह्या करायच्या. त्या सह्यांनी वारसा, कर, निवृत्तिवेतन या सर्व बाबतींत विवाहितांसारखे हक्क मिळतात. आपल्या विशेष विवाह कायद्यातही तीस दिवसांची नोटीस आणि साक्षीदार आहेतच, म्हणजे यंत्रणा आपल्याकडे तयार आहे, फक्त दार बंद आहे. ती ब्रिटिश नोंदणी ठाण्यात किंवा नवी मुंबईत वारसाहक्क देत नाही, त्यामुळे भारतातील मालमत्तेसाठी वेगळे इच्छापत्र कराच, असे त्यांना सांगण्यात आले.

आता उणिवा. पहिली आणि मोठी उणीव म्हणजे सर्व मसुदे आधी इंग्रजीत आले. इच्छापत्र मराठीत पूर्णपणे वैध असते, आमचे साक्षीदार मराठी वाचणारे आहेत, आणि माझ्या सहचरीच्या आईला लेकीने काय लिहून ठेवले आहे ते स्वतः वाचता यावे अशी आमची इच्छा होती. मागणी केल्यावर मराठी मसुदा मिळाला, पण त्याला वेळ लागला आणि त्यातील काही वाक्ये इतकी क्लिष्ट होती की आम्ही ती पुन्हा लिहून घेतली. ठाण्यात बसून हे काम करणाऱ्या कार्यालयाने मराठी मसुदा पहिल्या दिवशी समोर ठेवायला हवा. दुसरे, एकूण शुल्क पाच आकडी होते आणि ते कामाच्या मानाने रास्त असले तरी नोटरी, नोंदणी शुल्क आणि टंकलेखन यांचा खर्च वेगळा आहे हे सुरुवातीच्या लेखी अंदाजपत्रकात नव्हते. कमी पगारावर, घरच्यांपासून तुटून राहणाऱ्या तरुण जोडप्यांना ही रक्कम परवडणार नाही. त्यांच्यासाठी निदान इच्छापत्र आणि वैद्यकीय कागद एवढ्यांचा वेगळा, स्वस्त संच ठेवावा असे मी त्यांना सुचवले आहे आणि त्यांनी ते नाकारलेले नाही. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर असून उद्‌वाहन नाही, ही गोष्ट वयस्कर जोडप्यांनी लक्षात ठेवावी.

या कामात वागणुकीला कागदाइतकेच महत्त्व आहे, म्हणून तेही नोंदवते. पहिल्या दिवसापासून आमचा उल्लेख जोडपे म्हणून झाला, कारकूनही दोघींना ‘ताई’ म्हणताना अडखळला नाही, फाईलवर पूर्ण नावांऐवजी क्रमांक घातला गेला, आणि दुय्यम निबंधक कार्यालयात जाताना तिथे कोणते प्रश्न विचारले जातील याची तयारी आधी करून घेतली गेली. दोघींशी एकेकटे बोलून, कोणी कोणावर दबाव तर आणत नाही ना, हेही त्यांनी तपासले. हे त्या क्षणी थोडे टोचले, परंतु इच्छापत्र टिकायचे असेल तर वकिलाने एवढे केलेच पाहिजे.

ज्यांच्या नावावर घर किंवा बचत आहे, ज्यांचे माहेर किंवा घरचे लोक विरोधात आहेत, किंवा ज्यांच्यापैकी एकाची प्रकृती नाजूक आहे, अशा जोडप्यांनी हे काम लांबणीवर टाकू नये. फक्त संयुक्त खाते आणि नॉमिनी एवढेच हवे असेल तर वकिलाची गरज नाही. अर्थ मंत्रालयाचे पत्रक छापून सोबत नेले तरी पुरे. कागद एकदा करून संपत नाहीत, नवे घर घेतले किंवा साक्षीदार वारला तर ते पुन्हा तपासावे लागतात, म्हणून वर्षातून एकदा कार्यालयातून विचारणा होते आणि तिचे शुल्क वेगळे नसते. आमच्या यादीत आता एकत्र शिधापत्रिकेचा अर्ज उरला आहे. समलिंगी जोडीदारांना एकाच कुटुंबातील मानावे असे केंद्राच्या अन्न व सार्वजनिक वितरण विभागाने राज्यांना कळवलेले आहे, आणि त्या पत्राची प्रत वकीलबाईंनी आमच्या फाईलला आधीच जोडून ठेवली आहे.